पॉलिसी कुणाच्या नावावर आहे?

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो, म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन ठेवला. रात्रभर तेच डोक्यात राहिलं. तू म्हणालीस, "काका, २८ तारखेला रिलीव्ह होतेय, नवीन ठिकाणी सहा आठवड्यांनी जॉइन व्हायचंय. मध्ये मी घरीच आहे, तर बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन तेव्हाच उरकून घेऊ. कार्डावर ३१ मार्चपर्यंतची तारीख आहे." बापाच्या उशाशी बसता यावं म्हणून तू ते सहा आठवडे मागून घेतलेस, हे मला न सांगता कळलं. म्हणून लिहायला बसलोय.

ते कार्ड पुन्हा हातात घे. त्यावर तुझं नाव आहे, बाबांचं आहे, टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचं आहे, विमा कंपनीचं आहे. आणि 'पॉलिसीधारक' या शब्दापुढे तुझ्या कंपनीचं नाव आहे. ती ओळ वाच. ३१ मार्च ही त्या पॉलिसीची मुदत, तुझी नाही. तुझं नाव तिच्यात आहे ते तू मस्टरवर आहेस तोवरच. २८ तारीख उलटली की एचआर तुझं नाव महिन्याच्या ॲडिशन-डिलीशनच्या यादीत टाकणार, यादी विमा कंपनीकडे जाणार, आणि तुझ्या शेवटच्या दिवसापासून तुझं संरक्षण संपणार. तुझ्यामागून बाबांचंही. ही यादी आमच्या कारखान्याच्या एचआरमधून मी २६ वर्षं पाठवली आहे. नाव, कर्मचारी क्रमांक, सोडल्याची तारीख, एवढे तीनच रकाने. त्याच्या घरी कोण आजारी आहे, याला रकाना नसतो.

तेव्हा ऑपरेशन २८ च्या आत. दाखल होणंही आणि डिस्चार्जही. रजा देत नसतील तर भांड. नोटीस पिरियडमध्ये माणूस भांडायला घाबरतो, पण तुझं आता काय जाणार आहे?

तुला वाटेल, सहा आठवड्यांसाठी बाबांची वेगळी पॉलिसी काढली तर? नाही चालणार. वैयक्तिक पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा, सांधेबदल यांना तर बहुतेक ठिकाणी दोन वर्षं थांबावं लागतं. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत साधारणपणे ही अट माफ असते, जुना आजारही पहिल्या दिवसापासून चालतो. ग्रुपचं मोल हेच, आणि मी ते नाकारत नाही. जोवर आत आहेस तोवर पुरेपूर वापर.

वापरताना खोलीचं भाडं आधी बघ. तू पाठवलेल्या पानावर आईवडिलांसाठी ३ लाखांचं कव्हर, खोलीला रोज त्याच्या १ टक्का आणि २० टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला तेवढा वाटा आपण भरायचा, असं दिसतंय. म्हणजे रोजची ३,००० ची खोली. तुम्ही पोरं म्हणता, बाबांना जरा बरी खोली घेऊ, वरचे तीन हजार आपण भरू. इथेच घात होतो. समज, ६,००० ची खोली घेतलीस आणि दोन दिवसांचं बिल १,४०,००० झालं. त्यात खोली १२,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर मिळून ६८,०००, औषधं, हर्नियाला बसवायची जाळी आणि तपासण्या ६०,०००. खोली दुप्पट घेतली म्हणून फक्त खोलीचे पैसे कापत नाहीत, सर्जनची फीसुद्धा त्याच प्रमाणात अर्धी धरतात. औषधं, जाळी आणि तपासण्या या कपातीतून सुटतात. म्हणजे ६,००० अधिक ३४,००० अधिक ६०,०००, झाले एक लाख. त्यातून को-पेचे वीस हजार वजा. तुझ्या हातून ६०,००० जाणार, आणि तू मनाशी धरले होतेस सहा हजार. ॲडमिशनच्या काउंटरवर खोलीचा तक्ता माग, ३,००० च्या आतली घे. बाबा चाळीतच वाढलेत, त्यांना चालेल.

आता खरं बोलायचं ते. फोनवर तू म्हणालीस, "नवीन कंपनीत साडेसात लाखांचं कव्हर आहे, मग स्वतःचं कशाला?" मला राग आला होता, आवाजातून कळलंच असेल. साडेसात असो नाहीतर पंचवीस, पॉलिसी कुणाच्या नावावर आहे? ज्याच्या नावावर, त्याच्या हातात. किती ठेवायचं, कुणाला घ्यायचं, कुणाला वगळायचं हे तो दर वर्षी ठरवतो, आणि ठरवताना तुला विचारत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. ते ठरवणाऱ्या टेबलावर मी स्वतः बसत होतो.

बाबांनी तुला सांगितलं नसेल. २००८ च्या करारात पगार वाढले आणि आमचे बरेच कामगार ईएसआयच्या, म्हणजे कमी पगाराच्या कामगारांसाठीच्या सरकारी विम्याच्या, पगारमर्यादेबाहेर गेले. तेव्हा ती महिना १०,००० रुपये होती, आज २१,००० आहे. बाहेर पडलेल्यांना कंपनीने ग्रुप मेडिक्लेममध्ये घेतलं, आईवडिलांसकट. मीच आग्रह धरला होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता. वर्षभरात प्रीमियम गेला २२ लाख आणि दावे आले ३१ लाखांचे. पूर्वी असलं खपून जायचं. कारखान्याच्या आगीच्या विम्यात विमा कंपन्यांना भरपूर सुटायचं, त्या आधारावर मेडिक्लेम स्वस्तात द्यायच्या. २००७ मध्ये आगीच्या विम्याचे ठरवून दिलेले दर मोकळे झाले आणि तो आधार गेला. नूतनीकरणाला ३६ लाख मागितले. वरून निरोप आला, चोवीसच्या वर एक रुपया मिळणार नाही. मी तीन रात्री आकडे फिरवले. को-पे वाढवून बघितला, खोलीची मर्यादा घालून बघितली. चोवीसमध्ये बसत होता तो एकच पर्याय, आईवडील काढायचे. परिपत्रक मी लिहिलं, कँटीनबाहेरच्या फळ्यावर मी लावलं. खाली सही माझी.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर तुझे बाबा माझ्या केबिनमध्ये आले. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात तुझ्या आजीची डायलिसिसची फाइल. आठवड्यातून दोनदा चालायचं. ओरडले नाहीत. फाइल टेबलावर ठेवून एवढंच म्हणाले, "साहेब, पुढच्या महिन्यापासून काय करायचं तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी काय करू शकत होतो? राजीनामा दिला असता तर दुसऱ्या कुणी सही केली असती. छत्तीस लाख मंजूर करणं माझ्या हातात नव्हतं. आईवडील ठेवून सगळ्यांचंच कव्हर निम्मं केलं असतं तर ज्यांच्या घरी लहान मुलं होती ते भरडले असते. हा हिशोब मी इतक्या वर्षांत इतक्यांदा मांडलाय की पाठ झालाय, आणि आजही मला तो बरोबरच वाटतो. पण एक गोष्ट माझ्या हातात होती. परिपत्रक लावण्याआधी महिनाभर सहाशे लोकांना जमवून सांगायला हवं होतं की ही पॉलिसी तुमची नाही, कंपनीची आहे, ती उद्या बदलू शकते, ज्याला जमेल त्याने आईबापांसाठी वेगळी सोय बघा. ते मी सांगितलं नाही. गडबड होईल, युनियन उठेल, म्हणून गप्प बसलो. तुझ्या बाबांनी पुढे सोसायटीचं कर्ज काढलं. माझ्याशी बोलणं मात्र कधी तोडलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

एवढं बघूनही मी स्वतःची पॉलिसी काढली नव्हती. कंपनीचं चार लाखांचं कव्हर होतं ना. २०१६ मध्ये ५८ व्या वर्षी निवृत्त झालो आणि मगच काढली. काकूंना तोवर मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही लागलेले. प्रस्तावात सगळं खरं लिहिलं, प्रीमियम वाढवून लावला, आणि जुन्या आजारांना ४८ महिने थांबा असं आलं. तेव्हा तेवढी मुदत लावता येत होती. २०१९ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि दावा नामंजूर. पत्रातला शब्दन् शब्द नियमाला धरून होता. ग्रॅच्युइटीतले २,८५,००० रुपये त्या आठवड्यात गेले. हीच पॉलिसी मी चाळिशीत, काकू धडधाकट असताना घेतली असती, तर ते चार वर्षांचं थांबणं केव्हाच मागे पडलं असतं.

तू सत्तावीस वर्षांची आहेस, कसलं दुखणं नाही. आजच्या आज स्वतःच्या नावाची पॉलिसी घे, नोकरी कुठलीही असो. आज घेतलीस तर तीस दिवसांतले बरेचसे दिवस तू जुन्या मस्टरवर असतानाच सरतील. दुहेरी खर्च होतो म्हणालीस. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, तो ग्रुपवर अजून आहे. आणि दोन पॉलिसी असल्या तर आधी कंपनीची वापरून उरलेलं आपल्या पॉलिसीतून मागता येतं. करबचतीचा विचार मनातून काढून टाक, विमा त्यासाठी घ्यायचा नसतो.

बाबांचं थोडं अवघड आहे. २८ च्या आधी विमा कंपनीला लेखी अर्ज कर, की ग्रुपमधून बाहेर पडताना मला आणि वडिलांना तुमच्याच वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर हवंय. तशी सोय नियमात आहे, आणि ग्रुपमध्ये काढलेली तीन वर्षं प्रतीक्षेच्या मुदतीत धरली जातात. बाबांना हे सोन्याच्या मोलाचं आहे. तपासण्या सांगतील, प्रीमियम जास्त सांगतील. तरी अर्ज कर आणि पोच घे. एचआरमधला मुलगा "असं काही नसतं" म्हणेल. मीही एकेकाळी लोकांना असंच सांगून परत पाठवलंय, कारण मला ठाऊक नव्हतं.

आणि त्या एजंटाचं. "बाबांची शुगर लिहू नका, पाच वर्षांनी कुणी विचारत नाही," असं तो म्हणाला ना? अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून विमा कंपनीला दावा नाकारता येत नाही. २०२४ पर्यंत हीच मुदत ९६ महिने होती. पण फसवणूक सिद्ध झाली तर ही ढाल उरत नाही, आणि पहिल्या पाच वर्षांत तर ती नसतेच. काय होतं सांगतो. रात्री बाबांना कॅज्युअल्टीत नेशील. ड्युटीवरचा डॉक्टर विचारेल, शुगर आहे का, किती वर्षं. बाबा खरं बोलणारे, सांगतील नऊ वर्षं. तो केसपेपरवर लिहील, 'के/सी/ओ डीएम, ९ वर्षे', म्हणजे नऊ वर्षांपासूनचा मधुमेह. टीपीए सगळ्यात आधी तोच कागद मागवते. तीन वर्षांच्या पॉलिसीपुढे नऊ वर्षांची शुगर, एवढ्यावर सगळं संपतं. खरं लिहिलं तर फार फार तर ३६ महिने थांबावं लागेल, आता त्याहून जास्त लावता येत नाही. प्रस्तावाचा फॉर्म एजंटाला भरू देऊ नकोस. तू भर, बाबांसमोर बसून.

नवीन कंपनीत गेल्यावर आईवडिलांना जोडायला थोड्याच दिवसांची मुदत देतात. ती चुकवू नकोस, स्वतःचे पैसे भरावे लागले तरी जोड. तिथला ग्रुप टर्म विमा, पीएफबरोबर येणारा ७ लाखांपर्यंतचा ईडीएलआय, म्हणजे माणूस गेल्यावर घरच्यांना पैसे देणारे विमे, हे सगळं नोकरीत असेपर्यंतचं. फ्लॅटचं कर्ज तुझ्या नावावर आहे, तर त्याच्यामागे उभा राहणारा टर्म विमाही तुझ्याच नावावर हवा. पॉलिसी कुणाच्या नावावर, हा प्रश्न तिथेही विचार.

रविवारी सकाळी ये. कार्ड नको, एचआरकडून पूर्ण पॉलिसीची प्रत मागून आण, अटींच्या पानांसकट. बाबांची जुनी फाइल आणि सर्जनची चिठ्ठीही आण. त्यांनाही घेऊन ये. फळ्यावरच्या त्या परिपत्रकाबद्दल मी त्यांच्याशी आजवर बोललेलो नाही, ते बोलायचंय. काकू थालीपीठं करणार आहेत.

तुझा,
काका