जेवल्यावर शरीर किती कॅलरी जाळतं, हे मोजतात कसं?

प्रश्न: जेवण झालं की मला चक्क गरम व्हायला लागतं. जेवण पचवायलाही कॅलरी जळतात म्हणे, मग ते घड्याळात का दिसत नाही?

उत्तर: जळतात की! पण मनगटावरचं घड्याळ बघतं हालचाल आणि नाडी, पचनाचा खर्च त्याला कळणार कुठून. लॅबमध्ये रात्रभर उपाशी ठेवून सकाळी आडवं झोपवतात, डोक्यावर पारदर्शक हूड घालतात आणि तुम्ही ऑक्सिजन किती घेताय, कार्बन डायऑक्साइड किती सोडताय यावरून आरामातला खर्च काढतात, मग ठरलेलं जेवण देऊन पुन्हा तेच मोजमाप, तेही चार-सहा तास, कारण लवकर थांबलं तर आकडा कमीच येतो. आणि तेवढा वेळ नुसतं पडून राहायचं, पण डोळा लागू द्यायचा नाही, चुळबुळ नाही, मोबाइलवर भांडणं तर नाहीच! दोन्हींतला फरक म्हणजे जेवणाचा खर्च. साधारण मिश्र जेवणात तो खाल्लेल्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आसपास असतो. प्रोटीनला सगळ्यात जास्त, २० ते ३० टक्के, कार्ब्जला ५ ते १०, फॅटला जेमतेम ० ते ३. म्हणून प्रोटीन खाऊन आपोआप बारीक होऊ असं मात्र धरून चालू नका, ५०० कॅलरीच्या जेवणात हा सगळा मामला ५० कॅलरीचा.