शेजारी देश आणि आपला किनारा : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : सार्कची शिखर परिषद कित्येक वर्षांत झालेली नाही. सार्क संपली असं समजायचं का? (एक वाचक, हर्णै)

कागदोपत्री संपलेली नाही. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात दक्षिण आशियातल्या सात देशांनी तिची स्थापना केली, २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवा सदस्य झाला. काठमांडूला सचिवालय आहे, दिल्लीत दक्षिण आशियाई विद्यापीठ चालू आहे. पण राष्ट्रप्रमुख शेवटचे एकत्र बसले ते नोव्हेंबर २०१४ मध्ये, काठमांडूत. २०१६ ची इस्लामाबाद परिषद उरीच्या हल्ल्यानंतर भारतासह काही देशांनी नकार दिल्यामुळे बारगळली.

या अडचणीचं मूळ सार्कच्या सनदेच्या, म्हणजे स्थापनेच्या नियमपत्राच्या, कलम १० मध्ये आहे. निर्णय एकमतानेच घ्यायचा, आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेला आणायचेच नाहीत. मालदीव किंवा भूतानसारखा छोटा देश निर्धास्तपणे बसू शकला तो या अटींमुळेच. पण एक जण अडून बसला की सगळ्यांचं काम थांबतं, तेही यामुळेच. २०१४ मध्ये एकमेकांच्या गाड्या आपल्या देशात येऊ देण्याचा सार्कचा वाहन वाहतूक करार पाकिस्तानने अडवला. मग बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी जून २०१५ मध्ये थिम्पूत वेगळा करार केला. त्याला भूतानच्याच संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने नकार दिला. तेव्हा पाकिस्तान बाजूला ठेवला की सगळं सुरळीत होईल, हा समज खरा नाही. आपल्या डोंगरातल्या रस्त्यांवर बाहेरच्या मालमोटारींची रांग लागेल, ही भूतानची काळजी रास्तच होती.

प्रश्न : आमच्या भागातले खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि कधी पाकिस्तानच्या ताब्यात सापडतात. दोन्ही देश सार्कमध्ये असताना तिथे दाद का मागता येत नाही? घरच्यांनी काय करावं? (एक वाचक, डहाणू)

हा विषय दोन देशांतला, त्यामुळे वरच्याच कलमाने सार्कमध्ये तो निघू शकत नाही. उपयोगी पडतो तो २१ मे २००८ चा भारत-पाकिस्तान करार. त्यानुसार अटक झाल्याचं दुसऱ्या देशाला ताबडतोब कळवायचं, तीन महिन्यांच्या आत वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेट द्यायची, आणि शिक्षा पुरी होऊन नागरिकत्वाची खात्री पटल्यावर महिनाभरात सोडायचं. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही सरकारं कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. जाहीर होतो तो फक्त आकडा. आपल्या माणसाचं नाव यादीत आहे का, हे मत्स्यव्यवसाय विभागामार्फतच विचारावं लागतं.

खोळंबा बहुतेक वेळा नागरिकत्वाच्या पडताळणीत होतो. बोट सुटताना दिलेल्या यादीत ‘राजू’, आधारवर ‘राजेंद्र’, आणि पाकिस्तानात नोंदवताना तिसरंच काही. शिवाय बोटीचे कागद गुजरातेत आणि माणसाचं घर पालघर जिल्ह्यात, त्यामुळे दोन राज्यांत पत्रव्यवहार होतो. म्हणून घर सोडण्याआधीच आधार, मतदार ओळखपत्र, फोटो यांच्या प्रती, बोटीचा नोंदणी क्रमांक, मालकाचा आणि तांडेलाचा (बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा) फोन नंबर घरी ठेवून जावं. आगाऊ उचल घेताना मालकाकडून हे सगळं लिहून घेता येतं, तेव्हा तो नाही म्हणत नाही. अटकेची बातमी कळली की त्याच दिवशी मच्छीमार सहकारी संस्थेचं पत्र घेऊन जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि गावच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी.

संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचं कलम ७३ सांगतं, की अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या, मासेमारीचा हक्क त्या देशाकडे असलेल्या समुद्रात) मासेमारीचा नियम मोडला म्हणून, दोन देशांत तसं ठरलेलं नसेल, तर कैद देता येत नाही. वाजवी हमी घेऊन बोट आणि माणसं सोडायची. दोन्ही देशांनी हा करार मान्य केलेला आहे. तरी माणसं तुरुंगात जातात, हे आम्हाला साफ अन्यायाचं वाटतं. गुजरात आणि सिंधच्या मधल्या सर क्रीक या खाडीचा वाद मिटलेला नसल्यामुळे तिथून समुद्रात जाणारी हद्दच ठरलेली नाही, आणि बोट नेमकी कुणाच्या पाण्यात होती यावर भांडण उभं राहतं. रात्री जाळं टाकून इंजिन बंद ठेवलेली बोट भरती-ओहोटीच्या ओढीने सरकत जाते. त्या भागात पाळीने एक जण जीपीएसवर नजर ठेवून बसलाच पाहिजे. इंजिन बंद पडलं तर बोटीवरच्या व्हीएचएफ वायरलेसच्या १६ नंबर चॅनलवर तटरक्षक दलाला लगेच कळवावं.

प्रश्न : ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने ठेवलं म्हणतात. वादळ तर अरबी समुद्रातलं, मग बांगलादेश कुठून आला? (एक वाचक, श्रीवर्धन)

बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र मिळून नावांची यादी एकच आहे. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, इराण, ओमान असे १३ देश, प्रत्येकाची १३ नावं, म्हणजे १६९. ही यादी एप्रिल २०२० मध्ये आली. देश इंग्रजी वर्णक्रमाने लावलेले असल्यामुळे बांगलादेश पहिला, आणि या यादीतलं पहिलं वादळ ‘निसर्ग’ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या आसपास गेला की दिल्लीचं हवामान खातं पुढचं नाव देतं. २०२१ मध्ये पाकिस्तानने सुचवलेलं ‘गुलाब’ बंगालच्या उपसागरातून आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळलं, त्याचे अवशेष जमिनीवरून अरबी समुद्रात उतरले, तिथे कतारने सुचवलेलं ‘शाहीन’ नाव मिळालं आणि ते ओमानवर गेलं.

शेजाऱ्यांच्या सहकार्याचा याहून चांगला नमुना आपल्या भागात आम्हाला दिसत नाही. विषय नेमका आहे, कुणाच्या नकाशाला हात लागत नाही आणि माहिती लपवली तर नुकसान आपलंच, हे प्रत्येकाला कळतं. मात्र नावावरून वादळाचा जोर ओळखू नका. बंदरावर कितव्या नंबरचा बावटा लागलाय, ते पाहा.

प्रश्न : आमच्या आंबा बागेत नेपाळी राखणदार असतात. त्यांना व्हिसा लागत नाही तो सार्कमुळे का? (एक बागायतदार, देवगड)

नाही. तो १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराचा भाग आहे. राहणं, कामधंदा आणि मालमत्ता यांबाबतच्या सवलती दोन्हीकडच्यांना मिळतात. सरहद्द ओलांडताना नेपाळी पासपोर्ट, नागरिकता प्रमाणपत्र किंवा तिथल्या निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. यातल्या एकाची प्रत आणि गावाकडचा पत्ता हंगामाच्या सुरुवातीलाच घेऊन पोलीस ठाण्यात नोंद करा. आजारपण किंवा अपघात झाला, तर त्याच्या घरी कळवायला तोच कागद कामी येतो.