पायपीआयवर (पायथनची पॅकेजेस जिथे ठेवतात ती साइट) चढवलेल्या माझ्या पॅकेजच्या १.२.० आवृत्तीत एक फाइल घालायची राहिली. ती आवृत्ती डिलीट करून त्याच नंबरने परत टाकता येते का?

नाही. एकदा वापरलेलं फाइलचं नाव पायपीआय पुन्हा घेत नाही, डिलीट केलं तरी. सरळ १.२.१ काढा, नंबर काही संपत नाहीत! जुनी आवृत्ती डिलीट करण्यापेक्षा 'यँक' करा, म्हणजे मागे घेतल्याची खूण करा: पिप (पॅकेजेस इन्स्टॉल करणारं टूल) एरवी ती टाळतं, पण ज्यांनी नेमका १.२.० मागितलाय त्यांचं काम अडत नाही.

राहिलेली फाइल आधीच सापडली असती. व्हील, म्हणजे पॅकेजची इन्स्टॉल करायला तयार फाइल, शेवटी झिपच. चढवण्याआधी उघडून बघायचं. माझं टेम्प्लेट्सचं फोल्डर असंच राहिलं होतं. माझ्याकडे सगळं मस्त चालत होतं, कारण मी सोर्सच्या फोल्डरमध्येच बसून चालवत होतो. आता कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनची वेगळी, स्वतंत्र जागा), दुसऱ्याच फोल्डरमधून व्हील इन्स्टॉल करून बघतो, मग टेस्टपायपीआय (चाचणीसाठीची वेगळी साइट), मग खरं पायपीआय.