‘ऑप्टिकल बायोप्सी’ला मराठीत काय म्हणायचे?

विचारणा अशी आहे: रुग्णांसाठीचे एक माहितीपत्रक मराठीत आणायचे आहे. त्यात ‘ऑप्टिकल बायोप्सी’ (तुकडा न काढता, प्रकाश टाकून केलेली तपासणी) आणि ‘टिश्यू स्पेक्ट्रोस्कोपी’ (शरीराच्या एखाद्या भागातून परतलेला प्रकाश रंगारंगांत वेगळा करून वाचणे) हे शब्द पानोपानी येतात. विचारणाऱ्या ताईंनी पहिल्याचे ‘प्रकाशीय जीवोतक परीक्षा’ केले आणि दुसऱ्याचे ‘ऊतक वर्णपटविज्ञान’. सहकारी म्हणाले, हे कोणाला कळणार? त्यापेक्षा इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवा. शिवाय ‘टिश्यू’साठी ‘ऊती’ की ‘ऊतक’, आणि सी. व्ही. रामन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशाच्या परिणामाला ‘रामन’ की ‘रमण’, यांवरही एकमत होत नाही.

ताई, सहकाऱ्यांचे अर्धे म्हणणे मला पटते. ‘जीवोतक परीक्षा’ खरोखरच कोणाला कळणार नाही. ‘जीव’ आणि ‘ऊतक’ यांचा संधी झाल्यावर त्यातला ‘ऊतक’ ओळखूसुद्धा येत नाही. पण इंग्रजी शब्द ठेवला की काम भागेल, हे मला पटत नाही. ‘बायोप्सी’ हा शब्द मराठी घरांत आता पुरता मुरला आहे. त्याला मराठीत स्वतःचा असा अर्थ चिकटला आहे आणि तो या तपासणीच्या नेमका उलटा आहे.

मूळ शब्द १८७९ सालचा. एर्नेस्ट बेनिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी तो ग्रीक शब्दांवरून घडवला: ‘बिओस’ म्हणजे जीवन आणि ‘ऑप्सिस’ म्हणजे पाहणे. यात कापणे नाही, सुई नाही, तुकडा नाही. जिवंत शरीरातले पाहणे, एवढाच अर्थ. ‘ऑटोप्सी’तही तसेच आहे, ‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे’ हा तिचा मूळ अर्थ. मजा म्हणजे ‘ऑप्टिकल’ आणि ‘ऑप्सिस’ हे दोन्ही एकाच मुळातून निघालेले, आणि आपला ‘अक्षि’ही त्याच कुळातला. म्हणजे ‘ऑप्टिकल बायोप्सी’त पाहणे दोनदा आले. इंग्रजीत ते चालून जाते, कारण तिथे त्या जोडशब्दाचा रोख ‘तुकडा न काढता केलेली बायोप्सी’ असा आहे आणि ‘ऑप्टिकल’ने तो लगेच कळतो.

मराठीत मात्र आपण काय बोलतो? ‘तुकडा काढला.’ ‘तुकडा तपासायला पाठवलाय.’ ‘तुकड्याचा रिपोर्ट यायचाय.’ सुईने पेशी ओढून घेतल्या तर ‘सुईची तपासणी’. घशातून नळी घातली तर ‘दुर्बिणीनं तपासलं’, मग ती दुर्बीण दूरचे दाखवणारी नसून आतले दाखवणारी का असेना. एक्स-रे म्हणजे ‘फोटो’. हे शब्द कुठल्या समितीने घडवलेले नाहीत, पण त्यांच्यात एक पक्की शिस्त दिसते. तपासणी काय शोधते यावरून मराठी माणूस तिला नाव देत नाही. आपल्या शरीराला ती काय करते यावरून देतो. मला ही शिस्त फार शहाणपणाची वाटते, कारण तपासणीच्या खोलीत जाणाऱ्याला पहिला प्रश्न तोच पडलेला असतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पत्रकाचा मसुदा माझ्याकडे नजर फिरवायला आला होता. त्यात वाक्य होते: ‘आपल्या तोंडातील व्रणावर प्रकाशकिरण सोडून ऊतकाची बायोप्सी करण्यात येईल.’ मी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ पाहिले आणि पुढे गेलो. नंतर ते एका वयस्क बाईंना वाचून दाखवले, तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे लाईट देणार, का तुकडा काढणार? का दोन्ही?” त्यांनी दोन्ही शब्द अगदी बरोबर ऐकले होते. कर्करोगाच्या उपचारांच्या बोलीत ‘लाईट घेणे’, ‘शेक घेणे’ म्हणजे रेडिओथेरपी, आणि ‘किरण’ हा तिचाच छापील शब्द. साधा दिवा लावून पाहण्याची तपासणी, आणि आमच्या वाक्याने तिच्यातून एक उपचार आणि एक शस्त्रक्रिया उभी केली.

तेव्हापासून अशा लेखनात मी ‘किरण’ आणि ‘बायोप्सी’ दोन्ही टाळतो. ‘प्रकाश’ हा शब्द अजून स्वच्छ आहे, त्याला भीती चिकटलेली नाही. आणि तो खराही आहे: दृश्य आणि अवरक्त प्रकाशात अणूतला इलेक्ट्रॉन उखडून काढण्याइतकी ऊर्जा नसते, रेडिओथेरपीच्या किरणांत ती असते. पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे ‘तुकडा न काढता, प्रकाश टाकून केलेली तपासणी’ असे सविस्तर लिहा आणि पुढे सगळीकडे ‘प्रकाशतपासणी’. फक्त एक वाक्य विसरू नका. पुष्कळदा ही तपासणी तुकडा कुठून घ्यायचा ते ठरवण्यासाठीच असते आणि निदानावर शिक्कामोर्तब सूक्ष्मदर्शकाखालच्या तुकड्यानेच होते. ‘प्रकाशतपासणीनंतर तुकडा काढावा लागू शकतो’ हे साध्या शब्दांत लिहिले नाही, तर नंतर फसवल्यासारखे वाटते.

आता स्पेक्ट्रोस्कोपी. मराठी विश्वकोशात ‘वर्णपटविज्ञान’ आहे, शाळेच्या पुस्तकांत स्पेक्ट्रमला ‘वर्णपंक्ती’ म्हणतात. दोन्ही शब्द उत्तम. पण ‘विज्ञान’ हे शाखेचे नाव झाले. ‘तुमच्या त्वचेचे वर्णपटविज्ञान केले जाईल’ असे वाक्य होत नाही, जसे रक्त तपासताना कोणी ‘रक्तविज्ञान केले’ म्हणत नाही. इंग्रजीत शाखा आणि कृती या दोहोंना एकच नाम चालते, मराठीला तिथे क्रियापद लागते. फोटो काढतात, नाडी पाहतात, तसा वर्णपट ‘घेतात’. ‘त्वचेचा वर्णपट घेतला’ हे मला कानाला अगदी सरळ लागते.

‘वर्णपट’वर एक आक्षेप नेहमी येतो: यातला बराचसा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, मग वर्ण कुठला? आक्षेप रास्त आहे. अंधारात मोबाईलचा टॉर्च बोटाच्या पेराला चिकटवून पाहा. पांढरा प्रकाश आत जातो आणि पेर लालभडक उजळते. निळा-हिरवा भाग रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेते, तांबडा त्यातून निसटतो. तांबड्यात आणि त्याच्याही पलीकडे, सुमारे ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात, हिमोग्लोबिन आणि पाणी दोघेही प्रकाशाला त्यातल्या त्यात कमी अडवतात. म्हणून तो शरीरात काही सेंटिमीटर आतपर्यंत पोचू शकतो. १९७७ साली फ्रान्स योब्सिस या संशोधकांनी याच खिडकीतून मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज घेता येतो हे दाखवले. आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तर आता घराघरांत आहे. ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात जपानमध्ये नाडीच्या ठोक्याचा उपयोग करून घेण्याची त्यामागची युक्ती शोधली. त्या चिमट्यात साधारण ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन दिवे असतात. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषते, ऑक्सिजन सोडलेले तांबडा. दोन्हींच्या गुणोत्तरावरून आकडा निघतो. दोनच रंगांचा का होईना, पण हा वर्णपटच आहे, आणि त्यातला एक ‘रंग’ अदृश्य आहे.

तरीही मी ‘वर्ण’ सोडणार नाही, कारण त्याचा दुसरा अर्थ इथे कामाला येतो. वर्ण म्हणजे रंग, तसा वर्ण म्हणजे अक्षरही. वर्णपटाकडे तज्ज्ञ रंग म्हणून पाहत नाहीत, ते तो वाचतात: कुठल्या ठिकाणी शिखर आहे, कुठे खळगा आहे, कोणते चिन्ह कोणत्या रेणूचे. अदृश्य प्रकाशाला रंग नसेल, अक्षरे मात्र असतात. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांच्या मनात बहुधा रंगच असणार, पण शब्द त्यांच्यापेक्षा लांबचा पल्ला गाठून आहे.

‘स्पेक्ट्रम’चे मूळही सांगण्याजोगे आहे. न्यूटनने १६७२ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रात लोलकातून पडलेल्या रंगीत पट्ट्यासाठी तो वापरला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘दिसलेली आकृती, आभास’. त्यामागचा धातू ‘पाहणे’ या अर्थाचा, आणि संस्कृतात त्याचा सख्खा भाऊ ‘स्पश्’. ‘पश्यति’ त्याच घरातला, हेर या अर्थाचा जुना ‘स्पश’ त्यातलाच, आणि आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो तो ‘स्पष्ट’ही त्यातलाच: स्पष्ट म्हणजे नीट पाहिलेले. ‘स्कोपी’ हा ग्रीक तुकडाही याच धातूतले वर्ण उलटसुलट होऊन आला. तेव्हा स्पेक्ट्रोस्कोपीला मराठीत नाते शोधायला फार लांब जावे लागत नाही.

वैद्यकातही ‘पाहणे’ आपल्याकडे जुनेच आहे. वाग्भटाने रुग्णाच्या परीक्षेची तीन साधने सांगितली आहेत: दर्शन, स्पर्शन, प्रश्न. पांडुरोगाला त्याचे नाव रंगावरूनच पडले. नवजात बाळाच्या कपाळावर एक छोटे यंत्र टेकवून, परतलेल्या प्रकाशावरून बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीतल्या पिवळ्या द्रव्याचा, अंदाज घेतात, तेही दर्शनच. पूर्वी ते वैद्याच्या डोळ्याने होई, इथे परतलेला प्रकाश यंत्र मोजते.

माहितीपत्रकात आणखी तीन ठिकाणी अडखळायला होईल. ‘अवरक्त’ हा शब्द शास्त्रात चोख आहे, तांबड्याच्या खालचा. पण रुग्णाच्या हातातल्या कागदावर त्यातला ‘रक्त’ आधी दिसतो, आणि मजकूर रक्ताबद्दलचाच असला तर गोंधळ ठरलेला. तिथे ‘डोळ्यांना न दिसणारा, तांबड्यापलीकडचा प्रकाश’ लिहा. प्रकाश विखुरण्याला शाळेत ‘विकिरण’ शिकवतात, पण हिंदीत तोच शब्द रेडिएशनसाठी आहे. ‘प्रकीर्णन’ शास्त्रीय लेखनात ठीक, रुग्णासाठी साधे ‘विखुरणे’ पुरे. आणि ‘प्रतिदीप्ती’: घेतलेला प्रकाश वेगळ्या रंगात परत देणे. पेशींत ऊर्जेच्या कामात असलेला एनएडीएच नावाचा रेणू ३४० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने चेतवला की ४६०च्या आसपास निळा उजळतो. मेंदूतल्या काही गाठींच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाला एक द्रावण प्यायला देतात. त्यापासून गाठीच्या पेशींत पॉर्फिरिन नावाचे द्रव्य साठते आणि निळ्या प्रकाशाखाली गाठ लालसर-गुलाबी चमकते. हे सांगायला ‘चमकते’ हेच क्रियापद हवे, ‘प्रतिदीप्त होते’ नको.

‘ऊती’ की ‘ऊतक’? शाळेच्या पुस्तकांत ‘ऊती’ आहे, विश्वकोशात ‘ऊतक’. मी ‘ऊतक’च्या बाजूचा आहे, आणि कारण अगदी व्यवहारातले आहे: ‘ऊती’चे एकवचन आणि अनेकवचन सारखेच, ‘ऊतक–ऊतके’ मात्र वेगळे ओळखू येतात. मुळात दोन्ही विणकामातले. ‘वे’ म्हणजे विणणे, त्याचे ‘उत’ किंवा ‘ऊत’ म्हणजे विणलेले. ‘ओतप्रोत’मध्ये हाच धातू दोनदा बसला आहे, आडवे-उभे विणलेले. फ्रेंचमधून आलेला ‘टिश्यू’ही ‘विणलेले’च, आणि हिस्टॉलॉजीतला ग्रीक ‘हिस्तोस’ म्हणजे माग. इतका सुरेख शब्द पत्रकातून काढायला सांगताना मला वाईट वाटते, पण सांगतो. रुग्णाला ‘ऊतक’ नसते. त्याला कातडी असते, तोंडातले अस्तर असते, छातीतली गाठ असते. ज्या जागेवर प्रकाश टाकणार तिचेच नाव लिहा. डॉक्टरांसाठीच्या पानावर ‘ऊतक’ खुशाल येऊ द्या.

राहिला शेवटचा वाद. २८ फेब्रुवारी १९२८ला सापडलेल्या आणि १९३०चे नोबेल मिळवणाऱ्या त्या परिणामाला ‘रामन’ म्हणावे. विखुरलेल्या साधारण कोटीभर प्रकाशकणांतला एखादाच रेणूशी ऊर्जेची देवघेव करून थोडा बदललेला परततो. पण त्या एकाकडून रेणूची ओळख पटते: १००३ प्रति सेंटिमीटरच्या आसपासचे (इथे मोजमाप नॅनोमीटरचे नाही) बारीक टोकदार शिखर दिसले की ते प्रथिनांतल्या फेनिलअलॅनिनचे, हे या विषयात काम करणाऱ्यांना पाठ असते. नावाचे म्हणाल तर वेंकटरामन यातला ‘राम’ तोच आपला राम, पुढचा ‘न्’ तमिळमधला पुल्लिंगी प्रत्यय. ‘रमण’ हे वेगळे रूप, रमण महर्षींच्या नावातले. मराठीत दोन्ही रूपे छापलेली सापडतील, तरी तुमच्या पत्रकात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ‘रामन वर्णपट’ असे एकच ठेवा.