संकटांनी तरुण ख्रिस्ती माणसाचा विश्वास खरंच घट्ट होतो का?

तुझा प्रश्न रात्री वाचला आणि झोप उडाली. वडिलांची कंपनीतली नोकरी गेली, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष फीपायी अडकलंय, आणि तरुण संघात जो तो म्हणतो, "प्रभू तुला घडवतोय." तुला मात्र प्रार्थनेला बसलं की राग येतो. घडणं म्हणजे नेमकं काय आणि माझं उलटंच का होतंय, असं तू विचारलंयस. तू वीस वर्षांचा आहेस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस.

माझं मत आधीच सांगून टाकते. संकट एकटं कुणालाही घडवत नाही. ते माणसाला आधी लहान करतं. मला तर त्यानं चोर केलं होतं.

२००६ सालची गोष्ट. मी १९ वर्षांची, नगरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. वडील टेम्पो चालवायचे. नगर-मनमाड रस्त्यावर रात्री एक उसाची ट्रॉली दिवा-बिवा काही न लावता उभी होती, तिच्यावर टेम्पो गेला. जीव वाचला, पण मणका गेला. कमरेखाली काही उरलं नाही. दोन महिने दवाखान्यात काढून त्यांना घरी आणलं तेव्हा आईच्या अंगावर मंगळसूत्रसुद्धा राहिलं नव्हतं. भाऊ १२ वर्षांचा. मी कॉलेज सोडलं आणि गावातल्या मेडिकलमध्ये १८०० रुपये महिन्यानं कामाला लागले.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी चर्चच्या मंडळीतली माणसं प्रार्थनेला आली. माझे मोठे काका मंडळीचे पंच. त्यांनी बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा १२ वा अध्याय काढला. प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो, ते वचन. मग डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना केली, की ह्या घरात जे काही पाप लपलं असेल ते प्रभू, तू उजेडात आण. वडील खाटेवर होते. हात चालत होते त्यांचे. त्यांनी उशाजवळचा टॉवेल घेतला आणि तोंडावर ओढून घेतला. सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्यामुळे हे फक्त मी पाहिलं. मी उठले, मागच्या दारी जाऊन धुण्याच्या दगडावर बसले, ती 'आमेन' झाल्यावरसुद्धा आत गेले नाही. त्यानंतर आठ महिने मी देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, पायरी चढले नाही.

ते आठ महिने मला कुणी विश्वासात टिकवलं असेल, तर आमच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंनी. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, एकट्या राहायच्या. संध्याकाळी सहाच्या सुमाराला लोडशेडिंग सुरू व्हायचं तेव्हा त्या कंदील घेऊन यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी प्रार्थना केली नाही. चादर वर करून वडिलांची पाठ पाहिली. कमरेच्या हाडावर कातडी लाल होऊन सोलवटायला लागली होती. मला म्हणाल्या, "जुनं लुगडं आण."

आईकडं आजीचं एक नऊवारी होतं. त्याची चौघडी केली आणि वडिलांच्या पाठीखाली सरकवली. एका बाजूनं त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूनं मी. एक, दोन, तीन म्हणायचं आणि उचलून सरकवायचं. घासत ओढायचं नाही, त्यानं कातडी जाते. मग कुशीवर वळवायचं, पाठीला उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. दर दोन तासांनी. रात्रीसुद्धा. आईनं आणि मी रात्र वाटून घेतली. ती जखम दीड महिन्यात भरली, आणि वडील पुढे तीन वर्षं जगले तेवढ्यात पुन्हा तशी झाली नाही.

एका संध्याकाळी मी बाईंना सांगितलं की मला प्रार्थना करताच येत नाही, नुसता राग येतो. त्यांनी कंदील जवळ ओढला, स्तोत्रसंहिता उघडली आणि ८८ वं स्तोत्र वाचलं. तू वाचलंयस का ते? बहुतेक नसशील, कारण ते उपासनेत फारसं कुणी निवडत नाही. बाकीची बहुतेक रडगाण्याची स्तोत्रं शेवटी कुठंतरी वळतात, आभार मानतात. हे वळतच नाही. रात्रंदिवस हाक मारतोय, तू तोंड का लपवतोस, असं विचारत जातं आणि काळोखात संपतं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "हेही पवित्र शास्त्रातच आहे बरं का." बस्स, एवढंच. स्पष्टीकरण नाही, उपदेश नाही. रागानं हाक मारली तरी ती प्रार्थनाच असते, हे मला त्या दिवशी कळलं. तुझं उलटं होत नाहीये. तू ८८ व्या स्तोत्रात आहेस.

आता चोरीचं. वडिलांना युरिनची पिशवी लागायची, कॅथेटर लागायचं. १८०० मध्ये भागत नव्हतं. मी दुकानातून दोन महिन्यांत तीन पिशव्या आणि एक कॅथेटर उचललं, वहीत न लिहिता. मनात म्हणायचे, देवानं माझ्यावर एवढं आणलंय तर एवढं चालतं. हे वाक्य लक्षात ठेव. संकटातल्या तरुण माणसाच्या मनात ते फार लवकर शिरतं, आणि त्या वेळी अगदी खरं वाटतं.

बाईंनी नवी पिशवी पाहिली आणि सहज विचारलं, "बिल कुठंय गं?" मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. मला वाटलं आता रागावतील, नाहीतर म्हणतील, देव क्षमा करतो. त्या म्हणाल्या, "एकूण किती?" मी हिशेब केला, ३४० रुपये. "बायबलातल्या जक्कयानं लुबाडलेल्यांना चौपट दिले होते. तू निदान घेतलेस तेवढे तरी दे." दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला त्या माझ्याबरोबर चालत आल्या. आत आल्या नाहीत, समोरच्या ओट्यावर बसून राहिल्या.

शेठ बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग चार महिने पगारातून ८५ रुपये कापले आणि सहा महिने मला गल्ल्याजवळ फिरकू दिलं नाही. ते बरोबरच केलं त्यांनी. सातव्या महिन्यात एका दुपारी ते जेवायला निघाले आणि गल्ल्याची किल्ली माझ्यासमोर ठेवून गेले. ती किल्ली हातात घेताना जे वाटलं ते मला बाप्तिस्म्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

रोमकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, संकटानं धीर, धीरानं शील आणि शीलानं आशा निर्माण होते. तरुण संघात हेच वचन तुझ्या तोंडावर फेकत असणार. तिथं मराठीत 'शील' म्हटलंय, त्या जागी मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पारख होऊन खरं ठरणं असा आहे. धातू पारखून घेतात तसं. पारख व्हायची तर आधी खोटं उघडं पडावं लागतं, आणि ते उघडं पडल्यावर ओट्यावर बसून राहणारं कुणीतरी लागतं. हे दुसरं वाक्य माझं आहे, पौलाचं नाही, पण मी ते भोगलंय.

आणि पौल 'आपण' म्हणतो, 'तुम्ही' म्हणत नाही. त्यानं पाच वेळा एकोणचाळीस फटके खाल्ले होते, तुरुंग भोगले होते. करिंथकरांना लिहिताना तो कबूल करतो की आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती. असा माणूस स्वतःबद्दल बोलला तर ती साक्ष असते. तेच वचन चालता-फिरता माणूस खाटेवरच्या माणसाला ऐकवतो, तेव्हा त्याची काठी होते.

सगळं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक ह्या एकाच गोष्टीसाठी पुन्हा वाच. त्याचे मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. मग तोंड उघडलं आणि पानंच्या पानं 'तुझं काहीतरी चुकलं असेल' चालू. शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही, त्या मित्रांवर. ज्यानं देवाला जाब विचारला, त्याच्याविषयी देव म्हणतो की हा माझ्याबद्दल योग्य ते बोलला. माझे काका चाळीस वर्षं पंच आहेत. हा शेवटचा अध्याय त्यांनी मला एकदा तरी समजावून सांगावा.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर सगळेच देतात. बघ, उपासमारीत आईवडील गेले, तरी केवढी विश्वासू बाई! पण उपासमारीनं त्यांना विश्वास दिला नाही. ज्या विश्वासात त्या वाढल्या होत्या तो उपासमारीनं मोडला. विशीच्या आत आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, १८८२ मध्ये नवरा. ख्रिस्ताकडे त्या वळल्या ते पुढे इंग्लंडमध्ये. लोकांनी टाकून दिलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती मठातल्या सिस्टर्स कशा वागवतात हे त्यांनी लंडनजवळ फुलमला पाहिलं. त्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे माणसांचं काम आधी पाहिलं, वचन मागून आलं. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच बाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बायका केडगावला घेऊन आल्या (दौंडजवळचं केडगाव, आमच्या नगरचं नव्हे). भूक काय असते ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. संकटाचा काही उपयोग असेलच तर तो असा, आणि तोसुद्धा वीस वर्षांनी दिसतो.

आणखी एक, ह्याचा मला फार राग आहे. प्रत्येक अडचण देवाच्या नावावर लिहू नये. मी कॉलेजच्या ऑफिसात सवलतीसाठी गेले तेव्हा कळलं की आम्हाला अनुसूचित जातीची सवलत नाही, कारण आम्ही ख्रिस्ती. १९५० चा आदेश आहे. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. गावात आमची जात सगळ्यांना पाठ आहे, फक्त कागद विसरतो. ही देवानं घेतलेली परीक्षा नव्हे, माणसांनी काढलेला आदेश आहे. असल्या गोष्टी विश्वासानं सोसायच्या नसतात, त्यांच्याविरुद्ध अर्ज करायचे असतात. कंपनीनं तुझ्या वडिलांचा हिशेब पूर्ण दिलाय का, हेही विचार. ग्रॅच्युइटी, पीएफ. प्रार्थना सभेत हे कुणी विचारलं नसणार.

हे सगळं आत्ता एवढं उसळून आलं त्याचं कारण गेला नाताळ. चुलत भावाचा मुलगा बारावीत नापास झाला. वर्षभर आईच्या किमोथेरपीला बरोबर जात होता पोरगा. पंगतीत काका, म्हणजे त्याचे सख्खे आजोबा, सगळ्यांदेखत म्हणाले, "प्रभू घडवतोय रे तुला. आपल्या ताईकडं बघ, कशी घडली." माझ्याकडं बोट दाखवून. मी ताटावरून उठले. सतरा वर्षांच्या पोराच्या तोंडावर तोच टॉवेल दिसला मला. मग मी त्याला मागं नेलं आणि त्याला चोरीची गोष्ट सांगितली, जी घरात आईशिवाय कुणालाच माहीत नव्हती. आता तुला सांगितली.

काकांवर अन्याय नको, म्हणून हेही लिहिते. ती तीनही वर्षं सुगीनंतर त्यांनी दोन-दोन पोती ज्वारी आमच्या दारात उतरवली, आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. तोंड न उघडता त्यांनी जे केलं त्यावर आमची चूल चालली. मी कृतघ्न नाही. पण ज्वारी दिली म्हणून ती प्रार्थना बरोबर ठरत नाही.

तुझ्यापुरतं सांगायचं तर, तरुण संघात जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. मी आठ महिने गेले नाही त्यात माझंही नुकसान झालं, भजनं सुटली, मैत्रिणी सुटल्या. पण तुझ्या मंडळीत एखादं माणूस असेल जे सल्ला देण्याआधी 'एकूण किती?' विचारतं. बहुतेक म्हातारं असेल, मागच्या बाकावर बसत असेल. त्याला शोध. महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि अल्पसंख्याकांची शिष्यवृत्ती, दोन्ही बघ. नियम नीट वाच, मुदत चुकवू नकोस. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाक, तहसीलला वेळ लागतो. आणि राग सोडून नुसतं रिकामं वाटायला लागलं, जगावंसं वाटेना, तर ते विश्वास कमी पडल्याचं लक्षण समजू नकोस. डॉक्टर गाठ किंवा १४४१६ वर फोन कर, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.

वडील घरी दिवसभर काय करतात ते तू लिहिलं नाहीस. जमलं तर कळव.