फुकटच्या गेममधील लाखाची ‘गुंतवणूक’

बेळगावातील वडगावच्या एका वाचक भगिनींचे पत्र थोडक्यात असे. पती उद्यमबागेतील फाउंड्रीत कामाला, त्या स्वतः घरी शिवणकाम करतात आणि दोघांची मिळून महिन्याची कमाई ४६,००० रुपये. मुलगा पीयूसीच्या पहिल्या वर्षाला (अकरावीला) विज्ञान शाखेत असून त्याला इंजिनिअरिंगला घालायचे आहे. बँकेतील साहेबांनी त्याच्या शिक्षणासाठी वर्षाला ६०,००० रुपये हप्त्याची पॉलिसी सुचवली आहे: बारा वर्षे भरायचे, पंधरा वर्षांनी सुमारे अकरा लाख मिळायचे. पॉलिसी असली की शैक्षणिक कर्जही लवकर होते, असे साहेबांचे म्हणणे. पहिल्या हप्त्याची तोड मुलानेच काढली आहे: बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकांच्या लढाईच्या गेममधील आपले खाते ८०,००० रुपयांना विकायचे. ‘गेम फुकट आहे, पण दोन वर्षांत त्याने थोडेथोडे करून लाखभर रुपये घातले आहेत, म्हणजे ती एक प्रकारे गुंतवणूकच झाली ना?’ असे त्या विचारतात. सोबत यूपीआयच्या नोंदींची पाने जोडली आहेत.

पॉलिसी घेऊ नका. ७ लाख २० हजार भरून पंधरा वर्षांनी अकरा लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. शिवाय फी दोन वर्षांनी भरायची आहे आणि पैसे हाती येतील तेव्हा मुलगा एकतीस वर्षांचा असेल. याला शिक्षणाची पॉलिसी म्हणणाऱ्याने तुमच्या मुलाचे वयही विचारलेले दिसत नाही. सही करून बसला असाल, तर पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते.

आता तुम्ही ओघात लिहून गेलात त्या गोष्टीकडे वळतो, कारण खरे भगदाड तिथे आहे. तुम्ही पाठवलेल्या नोंदींची बेरीज १ लाख ८ हजारांच्या घरात जाते. दोन वर्षांत महिना सरासरी ४,५०० रुपये, म्हणजे घरात येणाऱ्या दर दहा रुपयांतला जवळजवळ एक रुपया. पॉलिसीचा हप्ता महिन्याला ५,००० पडतो. तो कुठून आणायचा, या विवंचनेत तुम्ही आहात आणि जवळपास तेवढीच रक्कम दर महिन्याला तुमच्याच फोनवरून जात आहे.

गेम फुकट ठेवण्यामागे साधा व्यवहार आहे. खेळायला लाखो लोक आले की त्यांतील बहुसंख्य एक पैसाही देत नाहीत. मोजके लोक देतात आणि त्यांतलेही थोडेच जण भरपूर देतात. कंपनीची बरीचशी कमाई या शेवटच्या गटातून येते आणि तुमचा मुलगा त्या गटात जाऊन बसला आहे. फुकट खेळणारेही वाया जात नाहीत. बंदुकीवरचा झगमगता रंग मिरवायचा तर बघणारे हवेत. तुमच्या मुलाने ज्याचा उल्लेख केला ते एम-४१६ या गेममधील बंदुकीचे ‘ग्लेशियर’ रूप तसेच आहे. त्याने नेम सुधारत नाही, फक्त बंदूक बर्फाळ निळी दिसते.

पैसे थेट त्या वस्तूसाठी घेतले जात नाहीत. आधी रुपयांचे ‘यूसी’, म्हणजे गेममधले चलन, करायचे आणि मग ते खर्चायचे, त्यामुळे किती रुपये गेले याची जाणीव बोथट होते. यूसीचे गठ्ठेही ठरावीक असतात: पावणेदोन मीटर कापड लागणाऱ्या गिऱ्हाइकाला एक मीटर किंवा अडीच मीटरचाच तुकडा मिळावा, तसे. उरलेले यूसी पुढच्या खरेदीला खुणावत राहतात. त्यानंतर येते क्रेट, म्हणजे आत काय निघेल हे ठाऊक नसलेली पेटी. हवी ती वस्तू निघण्याची शक्यता शंभरात एक आहे असे समजू. मुलांना वाटते की शंभर पेट्या उघडल्या की ती मिळणारच. प्रत्यक्षात शंभर पेट्या उघडूनही शंभरातील सुमारे ३७ जण रिकाम्या हाताने राहतात. तुमच्या एका पानावर रविवारी रात्री पाऊण तासात ४४९ रुपयांच्या सहा नोंदी आहेत. ते २,६९४ रुपये या आशेवर गेले आहेत. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्यात बसवले ते उगाच नव्हे.

तुम्ही असेही लिहिता की सरकारने पैशांचे गेम बंद केले आहेत, तेव्हा उरलेले सुरक्षित असणार. २०२५ च्या कायद्याने बंद केले ते पैसे लावून पैसे जिंकण्याचे गेम. या गेममधून पैसे परत मिळायची सोयच नाही, म्हणून तो त्या बंदीत येत नाही. यावरून खात्याच्या ‘किमती’चा अंदाज यावा.

कंपनीच्या अटींनुसार खात्यातील वस्तू वापरण्याची केवळ परवानगी मिळते, मालकी नव्हे, आणि खाते विकलेले आढळले तर ते बंद होऊ शकते. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली. त्याचा भारतीय अवतार म्हणून २०२१ मध्ये आलेला बीजीएमआयही जुलै २०२२ मध्ये अ‍ॅप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. एका आदेशासरशी गायब होणाऱ्या वस्तूला मी मालमत्तेच्या रकान्यात शून्य लिहितो. ८०,००० देणारा खरेच भेटला, तर तो आधी जोडलेला ई-मेल आणि ओटीपी मागेल. ते देऊ नका. तुमचे बँक खाते त्याच फोनवर आहे.

आजच यूपीआयचा पिन बदला, कारण तो मुलाला बहुधा पाठ असावा. ऑटोपेमध्ये, म्हणजे आपोआप पैसे कापले जाण्यासाठी, काही मंजुऱ्या दिलेल्या असतील तर रद्द करा, प्ले स्टोअरमधून पैसे भरण्याचा पर्याय काढून टाका आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग ठेवा. अगदी ताजी खरेदी असेल तर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करून पाहा. जुन्या लाखाची आशा सोडा. मुलावर ओरडून फारसे साधणार नाही, पण पानांची बेरीज त्याला स्वतःला करायला लावा. विज्ञानाचा विद्यार्थी आहे, ३७ चा आकडा तो पडताळून पाहील.

मग ते ४,५०० आणि वर ५०० घालून ५,००० चे दोन वर्षांचे आवर्ती ठेव (आरडी) खाते उघडा. साडेसहा टक्के धरले तरी फीच्या वेळी १ लाख २८ हजार हाती असतील. शेअर बाजारातील एसआयपी एवढ्या थोड्या मुदतीसाठी नको. पतींच्या नावे साधा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) नसेल तर तो घ्या. पत्रात त्याचा उल्लेख नाही आणि घर त्यांच्या पगारावर चालते.

राहिले कर्ज. केंद्राच्या हमी योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, पॉलिसी तर नाहीच. साहेब तरीही आग्रह धरत असतील, तर ही अट बँकेच्या कागदावर लिहून मागा.