रात्री अकराची भजी

“मॅडम, मला माणसांचा तिटकारा यायला लागलाय. दारात गाडीचा हॉर्न वाजला की पोटात गोळा येतो. आणि मी तर पायरीवर हसत उभी असते. मी ढोंगी झाले का हो?”

सुमनताईंनी (नाव आणि काही तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची परवानगी आहे) पहिल्या भेटीतच हे विचारलं. घरातल्या खोल्या पर्यटकांना देणाऱ्या बायका हल्ली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, त्यांचा प्रश्न शब्द बदलून बहुधा हाच असतो.

ताई श्रीवर्धन तालुक्यातल्या, किनाऱ्यालगतच्या एका गावातल्या. वय त्रेपन्न. पुण्यात लेकीकडे दिवाळीला आल्या, आणि नाताळचा सीझन तोंडावर आला तरी परत जायचं नाव काढेनात. लेकच त्यांना घेऊन आली. घरची सुपारीची वाडी होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आलं आणि सासऱ्यांनी लावलेली झाडं एका दुपारीत आडवी झाली. सुपारी नव्याने लावली तर धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर खायचं काय? मागच्या पडवीला भिंती घालून दोन खोल्या काढल्या, माडीवर एक. गावात बऱ्याच घरांनी तेच केलं होतं.

तक्रारी सांगायला लागल्या तशा ताई थांबेनात. चादरीवर रश्श्याचे डाग. न्हाणीच्या जाळीत समुद्राची वाळू. बुकिंग सहा जणांचं आणि गाडीतून उतरले अकरा. पाचव्यांदा सोलकढी मागून वर “अनलिमिटेड नाही का?” एका बाईंनी तर माजघरालगतचं दार ढकललं आणि म्हणाल्या, “ही रूम पण दाखवा ना.” आत सासूबाई झोपलेल्या होत्या.

“आणि जाताना म्हणतात, अगदी घरच्यासारखं वाटलं! अहो, घरच्यासारखं वागतात तेच तर दुखणं आहे.”

मला हसू आलं, थोडी शरमही वाटली. ओला टॉवेल गादीवर टाकून खोली सोडणाऱ्यांतली मीही आहेच.

पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, असंही त्या म्हणाल्या. म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलं. हे वय पाळी जाण्याचं असतं. थायरॉइड, रक्तदाब बघून घेतलेला बरा. रिपोर्ट ठीक आले तेव्हा आमचं काम सुरू झालं.

ढोंगीपणाच्या प्रश्नाला उत्तर देणं सोपं होतं. अर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाईसुंदरींच्या कामाबद्दल लिहिताना ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली: आत काहीही चाललेलं असो, चेहरा प्रसन्न ठेवणं हासुद्धा कामाचाच भाग, आणि त्यानेही माणूस थकतो. पण विमान उतरलं की हवाईसुंदरी घरी जाते. ताईंनी जायचं कुठे? त्यांचं तर घरच कामावर होतं. हे ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणून लेकीच्या घरी झोप लागते होय!”

नंतर आम्ही त्यांच्या रागाकडे वळलो. माझी पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचाराची, म्हणजे त्रास देणाऱ्या भावनेमागचा हट्टी विचार शोधून तो बदलायची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ मध्ये मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. या पद्धतीत शिकलेले आम्ही मराठी लोक एका अक्षराच्या मागे लागतो: ‘च’. “पाहुण्यांनी नीट वागलंच पाहिजे” आणि “त्यांनी नीट वागावं असं मला वाटतं” या दोन वाक्यांत राग आणि नाराजी इतकं अंतर आहे. ताईंचा दुसरा ‘च’ मात्र जास्त चिवट निघाला: “आलेल्याला नाही म्हणायचंच नाही.” हा माहेरून आलेला. दारात आलेल्या माणसाला गूळ-पाणी दिल्याशिवाय त्यांची आई सोडत नसे. पण तो माणूस पैसे देऊन, तारीख ठरवून येत नव्हता, आणि आल्यावर मिक्सर कुठल्या कंपनीचा आहे यावर रिव्ह्यूही लिहीत नव्हता. पाहुणा आणि गिऱ्हाईक एकाच ताटावर बसले की वाढणारीचा गोंधळ होणारच.

मग आम्ही नियम लिहिले. माणसांची संख्या बुकिंगच्या वेळीच पक्की, वाढीव माणसाचे पैसे वेगळे. स्वयंपाकघर साडेनऊला बंद. माजघरापलीकडे घरच्यांची जागा. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर नाही. हा तर देशाचा नियमच आहे, २००० सालापासूनचा. ताईंना तो फार आवडला. “म्हणजे वाईटपणा माझ्याकडे नाही, सरकारकडे!”

मी खूश होते. त्या गावी गेल्या आणि जानेवारीत फोन आला. नियमांचा बोर्ड लावलाय, धडधड मात्र तशीच.

इथे माझी चूक कबूल करते. तीन भेटी मी पाहुण्यांबद्दल बोलत राहिले. त्या घरात आणखी एक माणूस आहे, त्याच्याबद्दल मी नीट विचारलंच नव्हतं. फोनवर सहज म्हटलं, बोर्ड लावलाय तर साडेनऊनंतर मागतं कोण?

“मागतात ते ह्यांच्याकडे. हे खळ्यात खुर्ची टाकून त्यांच्यात बसतात, वादळाच्या गोष्टी सांगतात. रात्री अकराला कुणी म्हणालं, काकांच्या हातची भजी मिळतील का, की हे म्हणतात, देतो की, त्यात काय! आणि मला हाक मारतात.”

काकांचा हात कढईला कधी लागलेला नव्हता.

पुढच्या वेळी दोघांना बोलावलं. काका गप्पिष्ट, मनाने मोकळे, आणि माझ्या प्रश्नाने खरोखर चकित झालेले. “अहो, आलेल्यांना खूश नको का ठेवायला? हिचाच स्वभाव तापट झालाय.” मी त्यांना कागद दिला. आदल्या आठवड्यात पाहुण्यांना कशाकशाला हो म्हटलं ते आठवून लिहा, आणि प्रत्येकापुढे ते काम कुणी केलं ते. अकरा होकार निघाले. नऊंपुढे ‘सुमन’, एकापुढे कामाला येणाऱ्या मुलीचं नाव. एकटा बर्फ त्यांनी स्वतः आणला होता. ते कागदाकडे बघत राहिले. वाडी पडल्यावर हा माणूसही कुठेतरी पडला होता हे मला तेव्हा दिसलं. संध्याकाळची ती खुर्ची, ते “काका, काका”, एवढाच मान त्यांच्याकडे उरला होता, आणि तो टिकवायला बायकोचे हात लागत होते. त्यांच्यावर रागावणं मला जमलं नाही. ताईंना जमत होतं, आणि तो त्यांचा हक्क होता.

ठरलं एवढंच: जो होकार देईल तो उठेल. शिवाय माडीवरच्या खोलीचे पैसे ताईंच्या खात्यात जातील, आणि सीझन असो नसो, महिन्यातले चार दिवस तिन्ही खोल्यांना कुलूप. या शेवटच्या मुद्द्यावर काकांनी बरीच घासाघीस केली. आधी आठ दिवस मागितले, तेव्हा कुठे ते चारावर आले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. फेब्रुवारीत कुणीतरी दोनच स्टार देऊन ‘मालकीण खडूस’ असं लिहिलं. ताईंनी मला फोन केला, दहा मिनिटं रडल्या, मग विचारलं, “खडूस म्हणजे नेमकं किती वाईट हो?” दुसऱ्या दिवशी बोर्ड उतरवून ठेवावासा वाटला होता, पण उतरवला नाही, असं नंतर कळलं.

मे महिन्यात त्यांचा शेवटचा फोन आला. मुंबईचा मोठा ग्रुप उतरला होता. रात्री अकराला भजीची फर्माईश झाली, काका सवयीने “देतो की” म्हणाले, मग क्षणभर थांबले आणि स्वतः आत गेले. ताई अंथरुणात पडून डब्यांचे आवाज ऐकत होत्या. बेसन कुठल्या डब्यात आहे हे सांगायचा मोह त्यांनी आवरला.

“मग? कशी झाली भजी?”

“मीठ विसरले होते. पाहुण्यांनी मुकाट्याने खाल्ली. सकाळी उरलेलं एक मी चाखलं, आणि मीही काही बोलले नाही.”